एकतीस नंबरचा हंस

सांता क्लारात चिप बनवणाऱ्या लोकांची एक जुनी रीत आहे. नवी चिप छपाईला जाण्याआधी तिचा नकाशा चादरीएवढ्या कागदावर छापायचा, मोठ्या टेबलावर अंथरायचा आणि झाडून सगळ्यांना आवतण द्यायचं: या, चुका काढा. जो चूक काढेल त्याला चिप करणाऱ्याने स्वतःच्या खिशातून बिअरची बाटली द्यायची. चूक मोठी असो की बारीक, बाटली एकच. एरवी ही माणसं एकमेकांच्या कामाकडे ढुंकूनही बघत नाहीत, पण फुकटची बिअर म्हटली की सगळ्यांना चष्मे सापडतात.

मेरिल झुपान रिटायर झाला तरी या तपासणीला न चुकता यायचा. पांढऱ्या जाड भुवया, पुढे आलेलं पोट, नाक जरा वर, चालताना दोन पावलं दोन दिशांना, आणि खिशात लाल पेन्सिल. लग्नात जेवणाला नावं ठेवायला आलेल्या आत्याबाईंसारखा तो टेबलाभोवती फिरायचा. त्याला कुणी हटकत नसे, कारण हा काही असातसा म्हातारा नव्हता. हा 'एकतीस'चा बाप होता.

एकतीस म्हणजे कंपनीची सगळ्यात जुनी, अजूनही खपणारी चिप. काम साधं, बारीक आवाज मोठा करायचा. दारावरच्या घंटेत लावा, गिटारच्या खोक्यात लावा, दवाखान्यातल्या यंत्रात लावा. या जातीच्या चिपांना एक वाईट खोड असते. मध्येच बिथरतात आणि कुणी काही न बोलता आपल्या आपणच कोकलायला लागतात. चर्चच्या हॉलमध्ये पाद्रीबाबा बोलायला उभे राहिले की माईक किंचाळतो ना, तसं. एकतीस मात्र जन्मात कधी कोकलली नाही. कशीही जोडा, गाईसारखी गरीब. खरं तर पुस्तकी हिशोबाने ती कोकलायला हवी होती. का कोकलत नाही, हे मेरिलला कुणी विचारलं की तो भुवया उचलून म्हणायचा, "अनुभव." बास, एवढंच. त्या एका शब्दावर गड्याने घराची एक अख्खी भिंत मानपत्रांनी भरली होती.

पण जमाना बदलला. चिपा आता कानात जाऊन बसायला लागल्या, मनगटावर चढल्या, आणि एकतीसची वीज पिण्याची सवय जुन्या मोटारीसारखीच राहिली. म्हणून कंपनीने ठरवलं की एकतीस नव्याने करायची. गुण तेच, पण अंगाने बारीक आणि बटणाएवढ्या सेलवर वर्षभर चालेल अशी. काम दिलं थुई लामकडे. थुई सॅन होजेतच जन्मलेली, शांत पोरगी, डोक्याने तल्लख. तपासणीला येताना ती आईच्या दुकानातले मांस-भाजी भरलेले बान मी पाव घेऊन आली होती, म्हणजे माणसांची तोंडं खाण्यात गुंतून चुका कमी निघतील. पण मेरिलचं तोंड एका वेळी दोन्ही कामं करायचं.

"ही पट्टी फार बारीक आहे," तो पाव चावत म्हणाला. "तापेल. बाटली."

"मान्य," थुई म्हणाली.

"हे दोन फार जवळ बसवलेत. भांडतील. बाटली."

"मान्य."

"इथे कंपनीच्या नावात एक अक्षर कमी आहे. बाटली."

"मेरिल, स्पेलिंगला बाटली नसते."

"माझ्या वेळी होती."

लोक हसले. मेरिल खुशीत आला, चष्मा वर सरकवत नकाशाच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथे थबकला. त्याचा चेहरा पडला.

"हंस कुठाय?"

"कसला हंस?" रस्टनने विचारलं. रस्टन हा वरचा साहेब. सहा महिन्यांपूर्वी एका दह्याच्या कंपनीतून आला होता आणि चिप म्हणजे नक्की काय, हे विचारायची वेळ आता निघून गेली होती.

थुईने त्याला समजावलं. पूर्वीचे लोक चिपच्या मोकळ्या कोपऱ्यात गंमत म्हणून काहीतरी चितारून ठेवायचे. कुणी कुत्रा, कुणी होडी, कुणी प्रेयसीचं नाव. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तरच दिसायचं. एकतीसवर असा एक हंस होता, आणि तो मेरिलची सही म्हणून सगळ्या धंद्यात ठाऊक होता. कंपनीच्या जुन्या पुस्तिकेवर त्याचा फोटोसुद्धा होता.

"मी तो काढून टाकला," थुई मेरिलला म्हणाली. "आत्ताच्या कारखान्यात गोलाई चालत नाही, सगळं काटकोनात लागतं. हंसाची मान बघून तपासणीचा प्रोग्राम पिसाळला हो. एवढ्या चुका दाखवल्या, आणि सगळ्या मानेत."

"मग हंस नाही ही चूक आहे. बाटली."

"चित्र नाही म्हणून बाटली?"

"हंसाशिवाय ती एकतीस नाही!" मेरिलचा आवाज चढला. सगळे पुन्हा हसले, आणि या वेळी ते त्याला लागलं. जिंकलेल्या बाटल्या कागदी पिशवीत भरून तो तरातरा निघून गेला. पावलं दोन दिशांना पडत होती, त्यामुळे त्या तरातरीचा म्हणावा तसा परिणाम झाला नाही.

घरी कॉनी अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसली होती. कॉनी त्याची बायको.

"काय वियेहो, लुटलंस का पोरांना?" तिने विचारलं. वियेहो म्हणजे म्हातारबुवा. तो तिशीत होता तेव्हापासून ती त्याला तसंच म्हणायची.

"त्यांनी हंस काढून टाकला."

"कुठला हंस?"

"एकतीसवरचा!"

"अच्छा, बदक!" कॉनी म्हणाली.

आता इथे जरा थांबून खरं काय ते सांगायला हवं. जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं की तो हंस नव्हता.

१९७४ साली चिपचे नकाशे संगणकावर होत नसत. टेबलाएवढी लाल फिल्म पसरून तिच्यावर सुरीने एकेक पट्टी कापायची, सोलून काढायची, मग त्याचा फोटो काढून तो लहान लहान करत नखाएवढा करायचा. हे कापायचं काम बायका करायच्या, कारण पुरुषांचे हात थरथरायचे. कॉन्सुएलो अरियागा, म्हणजे आपली कॉनी, ही त्यातली सगळ्यात जलद. मेरिल झुपान हा तिथला सगळ्यात कटकट्या साहेब. हा कागदावर आकृती काढून द्यायचा, ती फिल्म कापायची, आणि हा दुसऱ्या दिवशी नाक वर करून यायचा: "परत काप. मन बदललं." एकतीसच्या वेळी त्याचं मन इतक्या वेळा बदललं की कॉनीचं डोकं फिरलं. शेवटच्या दिवशी डाव्या कोपऱ्यात मोकळी जागा दिसली तशी तिने रागारागाने तिथे एक बदक कापून टाकलं. पोट पुढे, चोच वर, दोन पाय दोन दिशांना. ज्याने मेरिलला एकदा चालताना पाहिलंय त्याला खाली नाव लिहायची गरज नव्हती.

मेरिलला ते दिसलं तेव्हा फिल्म कारखान्यात गेलेली होती. तो लालबुंद होऊन कॉनीच्या टेबलापाशी आला. ती जेवणाच्या सुट्टीत मक्याच्या पानात उकडलेले तमाले उघडून बसली होती. अर्धा तास हा ओरडला. मग दम लागला म्हणून बसला. मग तिने एक तमाल पुढे सरकवला. पुढच्या वसंतात त्यांचं लग्न झालं.

बदक मात्र चिपवर राहिलं ते राहिलंच. कुणीतरी सूक्ष्मदर्शकातून बघून विचारलं, "हा हंस का हो?" आणि मेरिल म्हणाला, "हो, हंस." पुस्तिकेसाठी फोटो काढला तेव्हा त्याने स्वतः उभं राहून पाय कापायला लावले. फोटोतले म्हणतोय मी.

तर नव्या एकतीसचे पहिले नग उन्हाळ्याच्या तोंडाशी आले. थुईने एक नग जोडला, सेल लावला, आणि चिप कोकलली. दुसरा लावला, तोही कोकलला. एका ओळीत बारा नग लावले तर बाराच्या बारा असे काही सूर धरून बसले की शेजारच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं, "अरे, त्या मांजरीला कुणीतरी खायला घाला!" थुईने जोडणी तपासली, सेल बदलले, कारखान्याशी भांडली, शेवटी स्वतःशी भांडली. संगणकावर सगळं ठीक होतं. जुन्या आकृतीतला एकूणएक भाग नव्या चिपमध्ये होता. रस्टन रोज येऊन विचारायचा, "आवाज जरा कमी करता येईल का?"

शेवटी वैतागून तिने एक जुनी एकतीस घेतली, तिचं टोपण उघडलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. म्हटलं, हिच्यात असं काय आहे जे माझ्यात नाही? सगळं होतं. फक्त एकच गोष्ट नव्हती. ती गोष्ट आठवली तेव्हा तिला स्वतःचंच हसू आलं. पण माणूस अडला की हसत हसत का होईना, करून बघतो.

तिने मेरिलला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा प्रयोगशाळेत पोरांची गर्दी होती. रस्टनही दारात उभा होता.

"हे बघा," थुई म्हणाली. "ही जुनी चिप चालू आहे. शांत आहे ना? आता हंसाच्या खाली ही दोन टोकं आहेत ना, ती शेजारच्या पट्टीला टेकलीत. मी लेझरने ती तेवढीच कापते." तिने बटण दाबलं. जन्मात कधी न कोकललेली एकतीस त्या क्षणी अशी किंचाळली की रस्टनने दाराची चौकट धरली.

"हंस नुसतं चित्र नव्हतं," थुई म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "एवढा मोठा धातूचा तुकडा बरोबर त्याच पट्टीला टेकलेला. पट्टी बिथरायला लागली की तो तिची वीज क्षणभर धरून ठेवत होता. ओढ्याच्या लोंढ्याला शेजारचं डबकं धरतं तसं. आकृतीत हा भाग नाहीच, म्हणून आम्हाला कुणालाच कळलं नाही. मेरिल, खरं सांगा. तुम्ही तो मुद्दाम तिथे ठेवला होता?"

आता बघा, माणसाची परीक्षा ही अशी दुपारच्या वेळी, काही तयारी नसताना येते. खरं उत्तर अगदी छोटं होतं: मला माहीत नव्हतं. पण हे तीन शब्द मेरिलच्या तोंडून कधी बाहेर पडलेच नव्हते. एकदा तो कॉनीला माँटेरेला समुद्र दाखवायला निघाला आणि वाट चुकून सालिनासच्या भाजीच्या शेतात जाऊन पोचला, तेव्हासुद्धा तो म्हणाला होता, "तुला आर्टिचोक बघायचे होते ना?" आणि इथे तर सगळी तरुण पोरं त्याच्याकडे देवाकडे बघावं तशी बघत होती.

"अर्थात," मेरिल म्हणाला.

खोलीत एक मोठा श्वास घेतला गेला. एकदा जीभ घसरली की माणूस सावरायला जातो आणि आणखी चार पायऱ्या खाली जातो. "पिसन् पीस मोजून ठेवलं होतं," तो म्हणाला.

थुई फ्रीजपाशी गेली आणि एक गार बाटली आणून तिने त्याच्या हातात दिली. "तपासणीच्या दिवशीची. तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं."

मेरिलने ती बाटली घेतली. पिताना मात्र ती त्याला कडू लागली, आणि बिअर कडूच असते हे त्याने स्वतःला बऱ्याचदा सांगून पाहिलं.

थुईने नव्या चिपमध्ये तेवढ्याच ताकदीचा एक चौकोनी तुकडा बसवला आणि नवी एकतीस गप्प झाली. इथे प्रकरण संपलं असतं. पण रस्टन दह्याच्या धंद्यातून आलेला. त्याला कळलं की आता कुठे विकण्यासारखं काहीतरी हाती लागलंय. त्याने जाहीर केलं की नवी चिप 'झुपानचा हंस' या नावाने बाजारात जाईल, तिच्या कोपऱ्यात काटकोनांतला हंस असेल, मोठा समारंभ होईल, सांता क्लाराच्या खोऱ्यातले सगळे जुनेजाणते येतील, आणि मेरिल स्वतः व्यासपीठावरून सांगेल की त्याने १९७४ साली हा हंस कसा मोजला. आणि मिसेस झुपान यांना पहिल्या रांगेत खुर्ची.

मेरिलने ही बातमी घरी सांगितली तेव्हा कॉनी स्वयंपाकघरात भाजीसाठी निवडुंगाच्या पानांचे काटे काढत होती. सुरी चालूच राहिली.

"म्हणजे माझं बदक," ती म्हणाली.

"एका अर्थी."

"मी रागात कापलेलं."

"हो, पण..."

"आणि तू सांगितलंस, मोजून ठेवलं होतं."

"कॉनी, सगळे बघत होते."

"आयत्या बिळावर नागोबा! आणि बीळ तरी कुणाचं? बदकाचं!" तिने पान उलटवलं. "हे बघ, मला मानपत्र नकोय. भिंतीवर जागा कुठाय? तुझ्याच कागदांनी भरलीय. मलाही ठाऊक नव्हतं की ते बदक काही कामाचं आहे. मी तुझी टर उडवत होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, झालं. पण मेरिल, आपलं लग्न झाल्यापासून मी एका गोष्टीची वाट बघतेय. 'मला माहीत नव्हतं' एवढं एकदा तुझ्या तोंडून ऐकायचंय. चार माणसांत."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर काय! या वयात मी कुठे जाणार? इथेच राहीन. जेवायला घालीन. फक्त यापुढे तू काहीही सांगितलंस ना, तर मी म्हणेन, 'हो का?' बास. वाद नाही, भांडण नाही. मरेपर्यंत 'हो का?'"

मेरिलला वाटलं, स्वस्तात सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सांगितलं की जर्दाळूला यंदा कीड लागणार. "हो का?" कॉनी म्हणाली. दुपारी त्याने पेपरातली बातमी वाचून सरकारला शिव्या घातल्या. "हो का?" संध्याकाळी त्याने, खोटं कशाला सांगू, तिला डिवचायलाच म्हटलं की तिच्या बहिणीचा मोले, म्हणजे मिरच्यांचा घट्ट रस्सा, तिच्यापेक्षा चांगला होतो. एरवी यावर घरातली भांडी हलली असती. "हो का?" कॉनी गोड हसून म्हणाली आणि विणकाम करत राहिली. उभ्या जन्मात त्याचं म्हणणं मनावर घेऊन त्याच्याशी कडाकडा भांडणारं एकच माणूस होतं, आणि तेच आता हॉटेलातल्या वेटरसारखं मान डोलवत होतं.

तरी पीळ जाईना. तो भाषण लिहायला बसला. चोचीचं क्षेत्रफळ इतकं, शेपटीचं इतकं, पोटाचं इतकं. पोट आलं की तो थोडा वेळ थांबायचा. अडचण खालच्या त्या दोन टोकांची होती. सगळी करामत त्यांचीच, आणि हंस तर पाण्यावर असतो, त्याला दोन टोकं कुठून? बराच विचार करून त्याने लिहिलं: 'पाण्यावर उमटलेल्या दोन लहरी.'

कॉनी मागून कॉफी ठेवायला आली आणि वाचून गेली. दारापर्यंत गेल्यावर तिला राहवलं नाही.

"लहरी! ते तुझे पाय आहेत, मेरिल."

तेवढ्यापुरतं का होईना, ती खरं बोलली म्हणून त्याला इतकं बरं वाटलं की तो उठून तिच्या मागे गेला. "म्हणजे तुला अजून राग आहे ना?" त्याने आशेने विचारलं.

"हो का?" कॉनी म्हणाली. "मला नव्हतं ठाऊक."

समारंभाच्या संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. ज्यांना मेरिल मेलेले समजत होता असे कितीतरी जुने लोक काठ्या टेकत आले होते. टेबलावर हंसाच्या आकाराचा केक होता. पडद्यावर नव्या चिपचा हंस, सगळा काटकोनांत. पहिल्या रांगेत कॉनी निळा झगा घालून, पर्स मांडीवर धरून बसली होती. तिने पडद्याकडे मान वाकडी करून बघितलं आणि शेजारी बसलेल्या थुईला हळूच विचारलं, "हे काय आहे? जिना?"

रस्टनने मेरिलची स्तुती सुरू केली आणि त्याला असा काही हरभऱ्याच्या झाडावर चढवला की खाली उतरायला फांदी दिसेना. मग टाळ्या. मेरिल माईकपाशी गेला. त्याने कागद उलगडला.

"१९७४ साली," तो म्हणाला, "मी जेव्हा या हंसाची कल्पना..."

आणि त्याची नजर कॉनीवर गेली. ती रागावलेली असती तर त्याने दामटून नेलं असतं. तिच्या रागाची त्याला सवय होती. पण ती रागावलेली नव्हतीच. ती ऐकत होती, अगदी छान, सभ्यपणे, एखाद्या परक्या माणसाचं भाषण ऐकावं तसं. मान जरा हलत होती. ओठ नुकते उघडायला लागले होते. आता कुठले दोन शब्द येणार ते मेरिलला हॉलच्या त्या टोकावरूनही दिसलं असतं. त्याला एकदम घाम फुटला. हे मरेपर्यंत ऐकायचं? जर्दाळूंबद्दल, सरकारबद्दल, मोलेबद्दल, आणि एक दिवस म्हणायची वेळ येईल की मला बरं वाटत नाहीये, तेव्हासुद्धा?

त्याने कागदाची घडी केली.

"तो हंस नाही," तो म्हणाला. "ते बदक आहे."

हॉलमध्ये हलकासा हशा पिकला.

"ते बदक म्हणजे मी आहे. माझ्या चालण्याची नक्कल आहे ती. खालच्या त्या दोन लहरी नाहीत, माझे पाय आहेत. फोटोत मी ते कापायला लावले."

हशा मोठा झाला. म्हातारी मंडळी एकमेकांना कोपरं मारायला लागली.

"हसू नका, खरं सांगतोय! माझी बायको तेव्हा फिल्म कापायची. मी तिला फार छळलं, म्हणून तिने रागात ते कापलं. ही समोर बसलीय, विचारा तिला. कसली मोजणी आणि कसलं काय! ते काढून टाका म्हणून मी तर कारखान्यात फोन केला होता. त्यांनी माझं ऐकलं असतं तर एकतीस पहिल्या दिवशीच कोकलली असती आणि मी आज बापाच्या वाडीत प्लम वाळवत बसलो असतो." त्याने श्वास घेतला. "मला माहीत नव्हतं. तेव्हाही नव्हतं, आणि पोरीने चिप कापून दाखवली तोपर्यंतही नव्हतं. तिने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. मला काहीच माहीत नव्हतं."

हशा थांबला. एक क्षण मेरिलला वाटलं की झालं, आता केक परत जाणार. मग मागच्या रांगेत एक काठीवाला म्हातारा थरथरत उठला.

"याला म्हणतात मोठेपणा!" तो ओरडला आणि टाळ्या पिटायला लागला.

आणि मग सगळा हॉल उठला. बायका डोळे पुसत होत्या. रस्टन तर हुंदकाच द्यायचा बाकी होता. "बघा," तो पोरांना सांगत होता, "एवढं करूनही सगळं श्रेय बायकोला!"

"अहो, नाही!" मेरिल माईकमध्ये ओरडला. "मी खरंच सांगतोय! निव्वळ योगायोग आहे तो!"

टाळ्या दुप्पट झाल्या. पुढच्या बाजूला एका तरुणाने हात वर केला. "सर, विनय ठीक आहे, पण तुम्ही कोणती पद्धत वापरली होती?"

"रागाची!" मेरिल किंचाळला. "रागाची पद्धत!"

त्या पोराने मान डोलावली आणि ते टिपून घेतलं.

मग मानपत्र झालं, केक झाला. हंसाची मान मेरिलच्या बशीत आली. लोक येऊन त्याचा हात हातात घेऊन म्हणत होते की असा माणूस आता होणे नाही. तो प्रत्येकाला समजावत होता आणि प्रत्येक जण त्याच्या पाठीवर थोपटून पुढे जात होता. थुई तेवढी जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाटली परत हवीय मला," आणि मग तिला इतकं हसू फुटलं की केकची बशी कलंडली.

बाहेर मोटारतळावर अजून उजेड होता. मेरिल काखेत मानपत्र मारून दोन दिशांना पावलं टाकत चालला होता. कॉनी त्याच्या दंडाला धरून चालत होती.

"एकानेसुद्धा विश्वास ठेवला नाही," तो करवादला. "शंभर वेळा सांगितलं. जन्मात एकदा खरं बोललो, तर टाळ्या वाजवतात, गाढवं! आता ही थाप कायमची माझ्या गळ्यात. यापेक्षा लहरीच बऱ्या होत्या."

"गाढवं त्यांना काय म्हणतोस? इतकी वर्षं तूच त्यांना शिकवलंयस की मेरिल झुपान चुकतच नाही. एका संध्याकाळीत कसं विसरतील?" कॉनी म्हणाली. "आणि तुझ्या चालण्याबद्दल तू जे सांगितलंस ना, तेही चूक. मी कापलं तेव्हा पाय इतके वाकडे नव्हतेच. आत्ता झालेत. व्यायाम म्हणून करत नाहीस. डॉक्टरने सांगितलं तर त्यालाच उलट शिकवतोस."

मेरिल थांबला. त्याने तिच्याकडे नीट बघितलं.

"तू भांडतेयस माझ्याशी," तो म्हणाला.

"मग? कुणाशी भांडू, रस्टनशी?"

"म्हणजे तुला पटलं? मी सांगितलं ते?"

"अरे, मला काय पटायचंय त्यात! बदक मी कापलं." कॉनीने त्याच्या काखेतलं मानपत्र काढून स्वतःकडे घेतलं, कारण तो ते तिरकं धरून चालला होता. "पण तू लिहून आणलेल्या कागदाची घडी केलीस ना, तेव्हाच मला कळलं. थापाच मारायच्या असत्या तर तू लहरी वाचल्या असत्यास. त्या हॉलमध्ये एवढी माणसं होती, त्यांतल्या किती जणांसाठी बोललास तू?"

मेरिलने खरं उत्तर दिलं. एकदा जमल्यावर दुसऱ्यांदा ते तितकंसं जड गेलं नाही.

"एकीसाठी."

"मग तिने ऐकलं," कॉनी म्हणाली, आणि मोटारीची किल्ली मागण्यासाठी हात पुढे केला. त्याने मुकाट्याने दिली.